गिरणीकाकांना विचारा

आमच्या गिरणीकाकांच्या तोंडून कुणाबद्दलही निव्वळ चांगलं कधी निघालं नाही, आणि निव्वळ वाईटही नाही. कौतुकाला सुरुवात झाली की पाठोपाठ उणं आलंच म्हणून समजा. पाहुणे जेवायला बसलेत, आईच्या शेंगाचटणीवर मिटक्या मारताहेत, आणि काका शांतपणे सांगणार, "चटणी झ्याक हाय. लसूण जरा करपलाय." तोवर पाहुण्यांना काही करपलेलं लागत नसे. आता लागायचं. आई आत जाऊन भांडी आपटायची आणि काका तीच चटणी पुन्हा मागून घ्यायचे.

वाईटाचंही तसंच. एकदा गिरणीचा पट्टा चोरीला गेला. चोर सापडला, तो आमच्याच गल्लीतला निघाला. पोलिसांपुढे काकांनी सांगितलं की हा चोर आहे हे खरं, पण मागच्या दिवाळीत पट्टा तुटला तेव्हा सण सोडून यानंच तो जोडून दिला होता, तेही लिहून घ्या. हवालदार म्हणाला, असलं लिहायला जागा नसते. काका म्हणाले, मग निम्मंच लिहिलं म्हणा की. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हात धरून त्यांना घरी आणलं.

काका अप्पांचे धाकटे भाऊ. आमच्या घराला लागूनच त्यांची पिठाची गिरणी होती. सोलापूर हे भाकरीचं गाव, त्यामुळे अख्ख्या पेठेला रोज ना रोज गिरणीची पायरी चढावीच लागे. काका भुवयांपासून पायांपर्यंत पांढरे. गिरणीत डब्यांची रांग लागायची आणि तिथं काकांचा कायदा चालायचा. आधी ज्वारी, मग गहू, आणि आला त्या क्रमानं डबा. दुष्काळाच्या साली रेशनची ती लाल ज्वारी दळायला रांग रस्त्यावर जायची, तेव्हाही आमचा डबा त्याच रांगेत. आई चिडून म्हणायची, दिराची गिरणी आणि मी परटिणीच्या मागं उभी! काकांना ते ऐकू जायचं. ते मान हलवायचे, वैनीचा राग बरोबर आहे म्हणायचे, आणि परटिणीचा डबा आधी ओतायचे. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं सांगा.

शेजारी अंजम्मा राहायची. तिच्या घरी माग होता, तिचा नवरा दिवसभर चादरी विणायचा, आणि नळाला पाणी आलं की तिचं आणि आईचं तेलुगू-मराठीत भांडण जुंपायचं. एकदा प्रकरण फार वाढलं. बादली कुणी पुढं सरकवली, हाच प्रश्न. दोघींनी साक्षीला काकांना बोलावलं. आईला वाटलं, आपला दीर आहे. काकांनी सांगितलं की आज वैनींनी सरकवली, मी बघितलं, काल अंजम्मानं सरकवली होती, तेही मी बघितलं. झालं! दोघींचं भांडण जागच्या जागी मिटलं आणि दोघींनी मिळून काकांशी अबोला धरला. अप्पासुद्धा महिनाभर तोंड वाकडं करून होते. काकांना त्याचं काही नाही. ते म्हणाले, भांडण मिटलं, पण घरात मला चहा मिळेना.

काकांचं लग्न झालं नव्हतं, त्यालाही दुसरं कुणी कारण नव्हतं. अक्कलकोटकडची मुलगी होती, सगळं ठरत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी सहज बोलता बोलता विचारलं, जावईबापू, काही व्यसन वगैरे? काका म्हणाले, व्यसन नाही, पण मी हट्टी आहे, आणि गिरणीत पीठ छातीत जातं, तेव्हा पुढं दमा होईल असं वाटतं. त्या गृहस्थांनी पान न खाताच वहाणा घातल्या. आजी म्हणे सतरंजीवर बसल्या बसल्या रडली. एवढं होऊन हा माणूस शहाणा झाला का? नाही.

आता माझ्याकडे येते, कारण माझं खरं दुखणं तिथं आहे.

लहानपणी माझा डावा कान फुटला. तेल झालं, लसूण झाला, दवाखाना झाला, पण त्या कानानं मला ऐकू येईनासं झालं ते कायमचं. उजवा कान ठणठणीत. समोरचा उजवीकडून बोलला तर कुणाला शंकासुद्धा येणार नाही. घरात सगळ्यांनी ते आपोआप सांभाळलं होतं. कुणी डावीकडून ओरडायचं, कुणी खांदा हलवायचं. काका मात्र ओरडत नसत. हातातलं काम टाकून, वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येत आणि मग हळू बोलत. गिरणीत दिवसभर ओरडणारा माणूस माझ्याशी बोलताना आवाज चढवायचा नाही. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मी लग्नाला आले आणि आई काळजीत पडली. तिला काळजी माझ्या कानाची नव्हती, काळजी चौकशीची होती. आमच्याकडे मुलगी बघून झाली की मुलाकडचा एखादा मामा नाहीतर चुलता गुपचूप गल्लीत येई. पत्ता विचारल्यासारखं करून पानाच्या दुकानात थांबे, शिंप्याकडे टेके आणि शेवटी गिरणीवर येई, कारण सगळ्यांची पिठं जिथं येतात तिथं सगळ्यांच्या बातम्याही येतात. गल्लीचा रिवाज असा की आलेल्याला मुलीचं चांगलंच सांगायचं. मुलगी गरीब आहे, कामाला वाघ आहे, वर मान करून बघत नाही. विचारणाराही ते ऐकून मनातल्या मनात निम्मं कमी करायचा. दोन्हीकडून हिशेब बरोबर बसायचा आणि लग्नं होत राहायची.

काकांनी हा रिवाज मोडीत काढला होता. अंजम्माच्या रुक्कूसाठी कुणी आलं तेव्हा काकांनी सांगितलं, पोरगी सावळी आहे, आठवीत नापास झाली, पण घरात कुणी आजारी पडलं तर उशाशी रात्र काढणारी आहे. अंजम्मा रडायच्या बेतात, तोच तिकडून होकार आला. मग काय, काकांचं नाव झालं. इतर सगळे पाणी घालून सांगतात, खरं पाहिजे तर गिरणीकाकांना विचारा! लांबलांबून माणसं यायला लागली. गल्लीतल्या आया नवस बोलायच्या की आमच्या पोरीच्या वेळी गिरणी बंद असू दे.

आणि वरताण म्हणजे गिरणी चालू असायची. त्या धडधडाटात विचारणारा ओरडून विचारायचा आणि काका ओरडून उत्तर द्यायचे.

माझं पहिलं स्थळ अकलूजचं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, दिसायला उजळ. आईनं मला अशी बसवली की माझा डावा कान भिंतीकडे येईल. सगळं गोड झालं, त्यांनी साडीचा रंगसुद्धा विचारला. चार दिवसांनी मुलाचा मामा गिरणीवर आला. मी घरात ज्वारी पाखडत होते. गिरणीतून काकांचा आवाज आला, गल्लीच्या टोकाला जाईल असा, "डाव्या कानानं ऐकू येत न्हाई पोरीला! तोंडानं फटकळ हाय! भाकरी जाड करती!" तो मामा दक्षिणेकडचा असावा, त्याला नीट उमगलं नसावं, कारण काकांनी तेच सगळं पुन्हा कन्नडमध्ये सांगितलं. म्हणजे गल्लीत ज्यांना पहिल्यांदा कळलं नव्हतं त्यांनाही कळलं. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

अकलूजहून निरोप आला की त्यांच्या मठातल्या स्वामींनी नको म्हटलं. स्वामींचा काय संबंध! आईनं डोक्याला पदर बांधला आणि अंथरूण धरलं. भावजींनी घात केला, एवढंच ती म्हणत होती. मी तडक गिरणीवर गेले. काय वाट्टेल ते बोलले. काकांनी मोटर बंद केली, वळसा घालून माझ्या उजवीकडे आले आणि म्हणाले, "लग्नानंतर त्यास्नी कळलं असतं तर तू तितं एकटी असतीस, निलव्वा. आत्ता कळलं, तर तू हितं हायस. आमी हाय."

उत्तर बरोबर होतं. उत्तर बरोबर असलं की माणसाला जास्त राग येतो. मी म्हटलं, रुक्कूचं वाईट सांगितलंत तसं चांगलंही सांगितलंत. चोराचं चांगलं सांगितलंत. माझं मात्र सगळं वाईटच? एक तरी गोष्ट चांगली सापडली नाही तुम्हाला माझ्यात? काकांनी पापण्यांवरचं पीठ पुसलं. "ते ज्याचं त्यानं बघावं की," म्हणाले आणि त्यांनी मोटर चालू केली.

हे माझ्या मनाला फार लागलं. सगळ्या जगाला दोन बाजू, आणि सख्ख्या पुतणीला एकच! मी ठरवलं, यांच्याशी बोलायचं नाही. जेवायला बसताना मी मुद्दाम असा पाट टाकायची की माझा बहिरा कान त्यांच्याकडे येईल. त्यांना मीठ हवं असलं, भाकरी हवी असली, तरी मला ऐकूच येत नव्हतं. तर हा माणूस ताटावरून उठायचा, उष्टा हात तसाच धरून माझ्यामागून फिरून उजवीकडे यायचा आणि म्हणायचा, मीठ दे. मीठ घेऊन परत जागेवर जायचा. आई म्हणायची, अगं तो दमेकरी माणूस आहे, किती फिरवशील? मी म्हणायची, फिरू देत. त्यांचा दमा तोवर सुरू झाला होता, त्यांनी अक्कलकोटकडच्या मुलीच्या बापाला सांगितला होता अगदी तसा.

दुसरं स्थळ होटगीचं, रेल्वेतलं. या खेपेला अप्पांनी डोकं चालवलं. चौकशीला माणूस कधी येणार ते मध्यस्थाकडून काढून घ्यायचं आणि त्या दिवशी काकांना काहीतरी निमित्त काढून अक्कलकोटला पाठवायचं. काका काही न विचारता निघाले. गिरणीला कुलूप बघून आईनं देवापुढे साखर ठेवली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, होटगीचा माणूस काही आलाच नाही. आले ते काका, अक्कलकोटला न जाताच. स्टँडवर बसची वाट बघत होते, तेवढ्यात एका पाहुण्यानं विचारलं, अमुक गल्लीतली गिरणी कुठं आली हो? काकांनी दोन बस सोडल्या आणि त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. वर म्हणाले, माणूस चांगला होता, चहा त्यानंच पाजला. अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. मी त्या दिवशी ओरडलेसुद्धा नाही. आत जाऊन दार लावून घेतलं आणि खूप रडले. आता आपलं काही होत नाही, आयुष्यभर या गिरणीच्या धडधडाटात पाखडत बसायचं, असं मनानं घेतलं.

त्यानंतर बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग एक दिवस एक मुलगा सायकलवरून आला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो देखरेखीला होता. स्थळ कुणीतरी सुचवलेलं होतं, पण बघायला येण्याच्या आधीच हा स्वतः चौकशीला आला, आणि आपण कोण ते कळू नये म्हणून कॅरिअरला ज्वारीची पिशवी बांधून! काकांनी त्याला ओळखलं की नाही कोण जाणे. त्याची पिशवी रांगेत शेवटी लावली आणि उभं केलं. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं ओरडून विचारलं आणि काकांनी ओरडून सांगितलं. कान, तोंड, भाकरी, सगळं ओळीनं. आई खिडकीत उभी राहून पदर चावत होती. मला तर आता पाठ झालं होतं.

मग त्यानं आणखी काहीतरी विचारलं. आणि गिरणी बंद पडली. वीज गेली म्हणावं तर अंजम्माच्या घरचा रेडिओ चालूच. काकांनीच मोटर बंद केली होती. डबे घेऊन रांगेत उभ्या बायका कान टवकारून राहिल्या, पण काका त्याला दगडाच्या पलीकडे घेऊन गेले आणि हळू आवाजात काहीतरी बोलले. दोन-चार वाक्यांचं, जास्त नाही. मग मोटर सुरू झाली, पिठाची पिशवी सायकलला लागली आणि मुलगा गेला. आई म्हणाली, जे गल्लीला सांगण्यासारखं नव्हतं तेही सांगितलं वाटतं भावजींनी. माझ्याही मनात तेच आलं. असं काय वाईट आहे माझ्यात, जे या माणसालाही ओरडून सांगवलं नाही?

तरी ते लोक बघायला आले. आईनं आता भिंतीबिंतीचा नाद सोडला होता. मी जिथं जागा मिळाली तिथं बसले, आणि त्या मुलाची खुर्ची नेमकी माझ्या डावीकडे आली. तो आला, त्यानं खुर्ची बघितली, मला बघितलं. मग खुर्ची उचलून माझ्या उजव्या बाजूला नेऊन ठेवली आणि बसला. त्याची आत्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. साध्या आवाजात म्हणाला, "इथून ऐकू येतंय ना नीट?" मी म्हटलं, "येतंय की." बघायला आलेल्यांपैकी मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

होकार आला. मग काका स्वतः एमआयडीसीत जाऊन मुलाची चौकशी करून आले. घरी येऊन सांगितलं की मुलगा सरळ आहे, सायकल चालवताना गातो ते बेसूर, झोपेत घोरतो असं बरोबरचे म्हणतात, आईच्या निम्म्याच शब्दात आहे हे बरं. लग्न झालं. यातलं एकही खोटं निघालं नाही, घोरणं धरून.

लग्नानंतर मी माहेरी गेले की आमचं भांडण पुढे चालू व्हायचं. मुलगी झाली, तिला काकांच्या मांडीवर दिली, तर म्हणाले, "पोरगी लई ग्वाड हाय. नाक बापाचं आलंय." मी तिथल्या तिथं मुलगी काढून घेतली. काका हसले आणि हसता हसता त्यांना खोकला लागला, तो थांबेना. त्यानंतर दमा हटलाच नाही. औषध द्यायला येणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायचे, औषध चांगलं आहे, कडू आहे, आणि तुम्ही उशिरा येता. एका हिवाळ्यात ते गेले. गिरणी त्यांच्या आधी थोडेच दिवस बंद झाली होती.

माती देऊन आलो. दुपारी मी गिरणीच्या पायरीवर बसले होते. आत दगड गप्प पडलेला, सगळीकडे पीठ. आमचे हे आले, वळसा घालून माझ्या उजवीकडे बसले. म्हणाले, आता सांगायला हरकत नाही. मी विचारलं, काय?

ते म्हणाले, "त्या दिवशी काकांनी तुझे सगळे दोष सांगितले. मी म्हटलं, काका, चांगलं काही असेल तेही सांगा की. तेव्हा त्यांनी मोटर बंद केली. म्हणाले, 'तिचं चांगलं मला विचारू नका, पाव्हणं. लई जीव हाय माझा तिच्यावर. तितं माझ्या बोलण्याचा भरवसा धरू नका.'"

मला एकदम संताप आला. हे तुम्ही मला इतकी वर्षं सांगितलं नाही? मी त्या माणसाला ताटावरून उठवून फिरवलं, लेक त्याच्या मांडीवरून ओढून घेतली, आणि तुम्ही गप्प? तर आमचे हे म्हणाले, काकांनीच बजावलं होतं, तिला सांगू नका, डोक्यावर बसेल. आता गेलेल्या माणसाला जाऊन जाब विचारू? त्या पायरीवर बसून मी जी रडले, ती अंजम्मा पाणी घेऊन आली तरी थांबले नाही.

कार्याच्या दिवशी गिरणीपुढे सगळी गल्ली जमली. ज्यांच्या मुलींची स्थळं काकांनी घालवली तेही आले, ज्यांची जमवली तेही आले, तो पट्टेचोरसुद्धा आला. जो तो उठून चांगलं बोलत होता. देवमाणूस होता, असा माणूस होणे नाही. अंजम्मा माझ्या उजव्या कानाशी येऊन कुजबुजली की सगळे एकाच बाजूचं बोलतात, हे काकांना आवडलं नसतं, तू बोल. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उठले. मी सांगितलं की काका हट्टी होते. आमचा डबा त्यांनी कधी आधी दळला नाही. त्यांनी माझी स्थळं मोडली, आईला चारचौघांत खाली बघायला लावलं, अक्कलकोटला पाठवलं तर गेले नाहीत. बायका पदराआडून एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी म्हणालं, अगं, चांगलं काही सांग की दोन शब्द.

आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले, तरी बघा, तक्रारीच लिहून झाल्या. तेव्हा जे म्हटलं तेच आताही म्हणते. त्यांचं चांगलं मला विचारू नका. मी त्यांची पुतणी आहे.